शास्त्र तपासण्याचा हक्क

करकंब गावापासून पंढरपूर जवळ; त्यामुळे पारायणाला बसणाऱ्यांच्या कानावर ज्ञानेश्वरीच्या शुद्ध प्रतीची हकीकत कधी ना कधी पडतेच. नकलून घेताना पाठ बिघडले होते. एकनाथांनी प्रती पडताळून १५८४ मध्ये ग्रंथ शुद्ध केला. वारकरी आजही त्या कामाला भक्तीच मानतात. पण पाठ तपासणे ही पहिली पायरी झाली. ग्रंथात सांगितलेले खरोखर घडले का, हे विचारणे ही त्यापुढची आणि फार अवघड पायरी. मराठी ख्रिस्ती मंडळीत हा प्रश्न कसा उभा राहिला, हे समजून घेण्यासारखे आहे.

मिशनरी जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईत आले. मिशनऱ्यांचा मुख्य रोख पुराणांवर होता: त्यांतल्या कथांना इतिहासाचा आधार नाही, शुभवर्तमानाला मात्र साक्षीदारांचा आधार आहे. १८३१ मध्ये मोरभट दांडेकरांनी विल्सन यांच्याशी जाहीर वाद केला आणि ‘श्रीहिंदुधर्मस्थापना’ लिहून उत्तर दिले. त्या वादात कोण जिंकले यापेक्षा त्यातून काय उरले, हे मला महत्त्वाचे वाटते. धर्मग्रंथ इतिहासाच्या कसोटीवर घासून पाहायची सवय मराठी सुशिक्षितांना लागली. आणि अशी कसोटी फक्त परक्याच्या ग्रंथापुरती राखून ठेवता येत नाही.

ती आत वळली ती धर्मांतरितांच्या मनात. १८४८ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले नीलकंठशास्त्री, म्हणजेच नेहेम्या गोऱ्हे, हे षड्दर्शनांचे गाढे अभ्यासक. शंकांनी त्यांचा पिच्छा पुरवला, तरी १८९५ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते चर्चमध्येच राहिले. पंडिता रमाबाईंवर त्यांच्या लेखनाचा प्रभाव पडला.

रमाबाई पुराणिकाच्या घरातल्या. संस्कृत ग्रंथ लहानपणीच मुखोद्गत झालेले. शास्त्रात सांगितलेली व्रते आणि तीर्थयात्रा करूनही दुष्काळात आईवडील गेले. इंग्लंडमध्ये वाँटेजला १८८३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण केवळ कुणी सांगितले म्हणून ग्रंथ मानायचा, हे त्या मागेच सोडून आल्या होत्या. वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात त्यांनी त्रैक्याविषयी आणि कुमारिकेच्या उदरी झालेल्या ख्रिस्तजन्माविषयी शंका मांडल्या. बायबल मी स्वतः वाचीन, मला पटेल ते स्वीकारीन, ही त्यांची भूमिका. त्यावर गर्वाचा आरोप झाला. प्रश्नाला उत्तर देण्याऐवजी विचारणारीच्या स्वभावावर बोट ठेवले गेले, याचे मला आजही वाईट वाटते.

असे फक्त आपल्याकडेच घडत नव्हते. दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांताचे बिशप कोलेन्सो बायबलचे झुलू भाषांतर करत होते. जलप्रलयाची गोष्ट खरी आहे का, असे त्यांच्या झुलू साहाय्यकाने विचारले. प्रामाणिक उत्तर शोधताना कोलेन्सोंनी जुन्या करारातले आकडे तपासले, १८६२ पासून त्यावर ग्रंथ लिहिला आणि चर्चचा रोष ओढवून घेतला. तिथेही प्रश्न आला तो नव्याने शास्त्र शिकणाऱ्याकडूनच.

रमाबाईंचा उत्तरायुष्यात बायबलवर पूर्ण विश्वास बसला. त्यांच्या शंका टिकल्या नाहीत, हे मान्य करायलाच हवे. टिकली ती मुळाशी जाण्याची वृत्ती. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणले. १९२२ मध्ये त्या गेल्या आणि १९२४ मध्ये ते भाषांतर प्रसिद्ध झाले. शंका घेणारी रमाबाई आणि भाषांतर करणारी रमाबाई या मला दोन बाया वाटत नाहीत. दोघींनाही दुसऱ्याच्या तोंडचे शास्त्र पुरत नव्हते.

विश्वास डळमळेल, ही चर्चची भीती मी समजू शकतो. पण शुभवर्तमाने उघडून पाहा. मत्तय आणि लूक येशूची वंशावळ वेगवेगळी देतात. मंदिरातून व्यापाऱ्यांना हाकलल्याचा प्रसंग योहान सुरुवातीला सांगतो, बाकीचे तिघे शेवटी. दुसऱ्या शतकात तातियन नावाच्या ख्रिस्ती लेखकाने चारही वृत्तांत जुळवून एकच सलग कथा केली होती, तरी चर्चने शेवटी चार वेगळ्या साक्षीच जपल्या. त्यांतली विसंगती झाकावी असे त्या मंडळीला वाटले नाही. त्यांच्या वारसांनी ‘हे असेच घडले का?’ असे विचारणाऱ्या मुलीला गर्विष्ठ ठरवू नये. तिच्यासमोर चारही साक्षी ठेवाव्यात आणि तिच्याबरोबर वाचायला बसावे.