पानांवरचा पांढरा थर

दादा गेला त्यानंतर महिनाभराने वहिनीने त्याचं बोन्साय माझ्या गाडीत ठेवलं. "भाऊजी, मला नाही जमायचं हे. तुम्ही न्या, नाहीतर कुठेतरी मोकळ्या जमिनीत लावून टाका. सुटेल बिचारं," ती म्हणाली. बावीस वर्षांचं फायकस. उंची दीड वीत, बुंधा मात्र मनगटाएवढा. मी ते घरी आणून हॉलच्या खिडकीत ठेवलं आणि मोठ्या निष्ठेने सकाळ-संध्याकाळ पानांवर पाण्याचा फवारा मारू लागलो.

दीड महिन्यात पानांवर पांढरट थर दिसू लागला. मी घाबरलो. आधी वाटलं भुरी, मग वाटलं पिठ्या ढेकूण. कडुलिंबाचं तेल फवारलं. थर तसाच राहिला, उलट तेलकट पानांवर धूळ बसली. शेवटी नर्सरीवाल्या काकांकडे एक पान तोडून नेलं. भुरी बोटाने पुसली जाते, ढेकूण कापसासारखा देठाच्या बेचक्यात बसतो, हे दोन्ही नाही, असं म्हणत त्यांनी पानावर व्हिनेगरचा थेंब टाकला. थेंबात बारीक बुडबुडे आले. "क्षार आहेत. पाणी कुठलं घालता?"

आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात बोअरचं नाहीतर टँकरचं पाणी असतं. गीझरच्या कॉइलवर, नळाच्या तोटीवर चढतो तोच हा चुना. पाणी उडून जातं, त्यात विरघळलेला चुना मागे उरतो. म्हणजे रोग नव्हताच. तो थर माझ्या काळजीचा होता, दिवसातून दोन वेळा मीच चढवलेला.

इथपर्यंत गोष्ट विनोदी आहे. पुढे काकांनी जे सांगितलं ते मात्र माझ्या डोक्यातून जाईना. फायकसची श्वासाची छिद्रं पानाच्या खालच्या बाजूला असतात. वरचा थर थोडा उजेड अडवतो, फार बिघडवत नाही. बिघडतं ते मातीत. तेच क्षार तिथे साठतात, माती अल्कधर्मी होते, मुळांना लोह मिळेनासं होतं आणि नवी पानं पिवळी येतात, शिरा तेवढ्या हिरव्या. मी तासन् तास ओल्या फडक्याने पानं पुसत होतो, कारण पानं दिसतात. माती दिसत नाही. पानं पुसणं ही झाडाची सेवा होती, की पाहुण्यांची, की दादाच्या फोटोसमोर माझी मान ताठ राहावी म्हणून चाललेली खटपट? प्रामाणिक उत्तर मला देता आलं नाही.

वहिनीचा प्रश्न त्याहून अवघड. सोडून का देऊ नये? मराठीत याला वामनवृक्ष म्हणतात. पण पुराणातल्या वामनाला निदान वाढायची मुभा होती. याची मुळं दर दोन-तीन वर्षांनी छाटायची, फांद्यांना तार गुंडाळायची. हे क्रौर्य आहे असं म्हणणारे मित्र मला आहेत आणि त्यांचं मला पूर्ण खोडता येत नाही. पण बावीस वर्षं कुणाला तरी आपल्यावर अवलंबून केल्यावर एक दिवस टेकडीवरच्या मुरमात लावून 'जा, मोकळं झालास' म्हणणं, याला मी औदार्य म्हणणार नाही. एप्रिलात तिथे पाणी कोण घालणार? झाडाला दुबळं आपण केलं असेल, तर त्याला रोज पाणी देणं ही दया उरत नाही. ती देणेदारी होते. अडचण एवढीच की हे कर्ज दादाने काढलं होतं.

वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात एक पांढरा पाइन आहे. त्याचं बोन्साय म्हणून संगोपन १६२५पासून चालू आहे. ६ ऑगस्ट १९४५ला तो हिरोशिमात, यामाकी कुटुंबाच्या रोपवाटिकेत होता आणि वाचला. १९७६ला मासारू यामाकींनी तो अमेरिकेला भेट दिला. बाँब टाकणाऱ्या देशाला! आणि त्याची ती कहाणी तिथल्या लोकांना कळली २००१मध्ये, यामाकींचे नातू बघायला आले तेव्हा. मधली पंचवीस वर्षं कुणीतरी रोज त्याला पाणी घालत होतं, त्याचं मोठेपण ठाऊक नसताना. मला हे त्या भेटीपेक्षाही विलक्षण वाटतं.

मग मी फिल्टरचं पाणी घालू लागलो. कामाला येणाऱ्या मावशींनी ते पाहिलं आणि हसून विचारलं, "याला फिल्टरचं?" त्यांच्या वस्तीत पाणी एक दिवसाआड येतं. आमचं यंत्र लिटरभर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर मोरीत सोडतं, हे मला ठाऊक होतं. माझी देणेदारी कुणाच्या पाण्यातून फिटत होती? झाडाशी मी जे नातं मान्य केलं, ते मावशींशी मान्य करायला मी इतका वेळ का लावला, याचंही उत्तर माझ्याकडे नव्हतं. झाड माझ्या हॉलमध्ये आहे, एवढंच.

आता यंत्राची नळी बादलीत सोडलेली आहे. त्या पाण्याने फरशी पुसली जाते आणि संडासात तेच वापरतो. पानांवर फवारा बंद. जूनमध्ये गच्चीवर पिंप ठेवून पावसाचं पाणी धरलं आणि कुंडीच्या बुडातून भरपूर वाहून जाईपर्यंत तीन-चारदा घातलं. नवी पानं हिरवी आली. जुन्यांवर थर अजून आहे. वहिनी परवा आली होती, तिने एका पानावर नख घासून पाहिलं आणि विचारलं, "पुसत नाही वाटतं?"

"नाही," मी म्हटलं, आणि तिला कुंडीतली माती दाखवली.