उतारावरचं अंगण

कोल्हापुरात सपाट जमीन हवी असेल तर ती नदीच्या अंगाला मिळते, आणि नदीच्या अंगाला घर बांधायची हिंमत आता फार थोड्यांची उरली आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी 43 फुटांची. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा 2021 च्या जुलैमध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं. त्यानंतर ज्यांना परवडलं त्यांनी जोतिबा-पन्हाळ्याच्या बाजूला प्लॉट शोधायला सुरुवात केली. आम्हीही त्यांतलेच. पुराच्या धास्तीनं मुद्दाम उताराची जमीन घेतली, आणि घर उभं राहिल्यावर पहिली हौस काय, तर मागच्या बागेत चार खुर्च्या टाकता येतील एवढी सपाट फरसबंदी जागा करायची!

गवंडीमामा आले. कुठली फरशी, किती चौरस फूट, असं काही विचारतील म्हणून मी कागद काढून बसलो होतो. त्यांनी कागदाकडं बघितलंच नाही. वरच्या बांधापाशी जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "सर, पाणी कुठनं उतरतंय ते आदी दावा. मग दोरी लावू." मी बोट दाखवलं ती पावसाळ्यात डोळ्यांना दिसणारी वाट होती. त्यांना जमिनीच्या पोटातून येणारं पाणीही हवं होतं.

ते का, हे समजायला पन्हाळ्याकडे बघावं लागतं. गडाच्या माथ्यावर जांभ्याचा थर आहे, त्याखाली काळा पाषाण. जांभा सच्छिद्र, माथ्यावर पडलेला पाऊस तो पिऊन घेतो. खाली बेसॉल्टशी गाठ पडली की पाण्याला आडवं सरकण्यावाचून गत्यंतर नसतं, मग ते उताराच्या अंगानं झऱ्यांच्या रूपात बाहेर येतं. गड नांदते राहिले ते या पाण्यामुळे, आणि गडाचे उतार पावसाळ्यात भिजून जड होतात तेही याच पाण्यामुळे. 2021 च्या त्याच जुलैत पन्हाळ्यावर जाणारा मुख्य रस्ता खचला. ज्या आठवड्यात शहर खाली पाण्यात होतं, त्याच आठवड्यात वर डोंगर पाण्यानं सुटत होता. तेव्हा पुरापासून पळून उंचावर गेलो म्हणजे पाण्यापासून सुटलो, हा हिशेब कच्चा आहे.

उतार सपाट करायचा म्हणजे वरच्या बाजूची माती कापायची आणि खालच्या बाजूला भरायची. कागदावर हे फार सुटसुटीत दिसतं. पण कापलेली बाजू ही शेकडो वर्षं दबलेली जमीन असते आणि भरलेली बाजू कालची. दोन्हींवर एकच फरशी टाकली की भराव पावसात बसतो, कापलेला भाग जागचा हलत नाही, आणि दोन्हींच्या सांध्यावर सरळ रेघ ओढल्यासारखी भेग पडते. इलाज जुनाच आहे. भराव मुरमाचा करायचा, वीतभर थर टाकायचा, पाणी मारायचं, धुमस करायची, मग पुढचा थर. आणि एवढं करूनही, मामांच्या शब्दांत, "भरावाला एक पावसाळा दावायचा." आम्ही दाखवला. त्या वर्षी बागेत नुसता लाल ओटा होता. पाहुणे विचारायचे, काम का थांबलं? पैसे संपले असावेत असा त्यांचा समज झालेला दिसत होता.

भराव धरून ठेवायला खालच्या अंगाला भिंत लागते, आणि या साऱ्या कामात खरी अक्कल तिथंच. पडणारी भिंत बहुतेक वेळा मातीच्या वजनानं पडत नाही, मागं तुंबलेल्या पाण्याच्या रेट्यानं पडते. गुळगुळीत प्लॅस्टर केलेली, कुठंही भोक नसलेली सिमेंटची भिंत दिसायला भक्कम. पण पाण्याच्या दृष्टीनं ते धरणच, आणि तेही सांडव्याशिवायचं. पन्हाळा-शाहूवाडीकडचे शेतकरी डोंगरउतारावर ताली घालतात, त्या नुसत्या डबराच्या, चुना-सिमेंटाशिवाय रचलेल्या. दगडांच्या फटींतून पाणी पाझरून जातं, माती मात्र अडते. भिंत थोडी मागं, डोंगराकडं कललेली, पाया रुंद, मधूनमधून लांब दगड आत खोलवर घुसवलेला, फटींत चिपा ठोकलेल्या. आमची भिंत कमरेएवढीच, म्हणून तशीच कोरडी रचून घेतली आणि तिच्या मागं मातीऐवजी हातभर रुंदीची खडी भरली. याहून उंच, पुरुषभर भिंत घालायची असेल तर मात्र हौस बाजूला ठेवून इंजिनिअरला दाखवावं.

दगड कुठला, यावर घरात बरीच चर्चा झाली. शहाबादी फरशी स्वस्त आणि ओळखीची, पण उघड्यावर शेवाळ धरते आणि आषाढात तिच्यावरून घसरलेल्यांची यादी प्रत्येक घरात असते. जांभा पायाला गार, पण लवकर झिजतो. शेवटी टाकी लावलेला काळा दगड घेतला. एप्रिलमध्ये दुपारी त्याच्यावर अनवाणी उभं राहवत नाही, हे कबूल. पण कोल्हापूरनं घाट, देवळं, नवा राजवाडा सगळं याच दगडात बांधलं, आणि पंचगंगेचा घाट दरसाल पुराखाली जाऊनही उभा आहे. सांधे सिमेंटनं भरले नाहीत, बारीक खडी टाकली. सांध्यांतून गवत येतं. येऊ द्यावं.

इतकं सपाट करण्यासाठी खटाटोप केल्यावर मामांनी पाण्याची नळी लावून पुन्हा उतार काढला: घरापासून बाहेर, दहा फुटांना दोन इंच. डोळ्याला तो कळत नाही, पाण्याला कळतो. बरोबर सपाट अंगण ही तळ्याची सुरुवात असते.

आता राहिला खालचा शेजारी. आपण जमीन सपाट केली, वर फरशी घातली, की जे पाणी पूर्वी उतारभर पसरून मुरत होतं ते एका कोपऱ्यातून धार धरून बाहेर पडतं. ते कुठं जाणार? तालींच्या शेतात प्रत्येक खाचराला पाणी सोडण्याची जागा ठरलेली असते, आणि ती खालच्या खाचराच्या मालकाला ठाऊक असते. प्लॉट पाडलेल्या डोंगरावर अशी ठरलेली जागा नसते. ज्याचं घर वर त्याचं पाणी खालच्याच्या जोत्यावर. आज जोतिबाच्या रस्त्यानं जाताना मला सगळ्यांत जास्त खटकतं ते हे, की एका डोंगरावर शेकडो लोक आपापला तुकडा सपाट करताहेत आणि पाण्याची वाट कुणीच आखलेली नाही. आम्ही आमची धार एका चरातून नेऊन आंब्याखालच्या शोषखड्ड्यात सोडली. मोठ्या सरीत तोही भरतो आणि पाणी शेजाऱ्याकडे जातंच, पण त्यांना विचारून, त्यांनी दाखवलेल्या जागेवरून.

तुमच्या मनात असं काही करायचं असेल तर खोदकाम दिवाळीनंतर काढा. पण त्याआधी जुलैतल्या एका मुसळधार दिवशी छत्री घेऊन प्लॉटवर जा, खालच्या शेजाऱ्यालाही बोलवा आणि पाणी कुठून कुठं जातं ते दोघांनी मिळून बघा. फरशीचा रंग मग ठरवता येईल.