भाडे आणि ऋण

‘जनावरासारखे राबवले’ हा वाक्प्रचार आपण सहज वापरतो. माणसाला माणसाप्रमाणे वागवले नाही, ही त्यातली तक्रार. आणि ती रास्तच आहे. परंतु या तक्रारीच्या पोटात एक कबुलीही दडलेली असते. जनावराला तसे राबवायला हरकत नाही, हे आपण न बोलता मान्य केलेले असते. माथेरानच्या शार्लोट तलावाकडे जाणाऱ्या वाटेने चालताना हा वाक्प्रचार मला नेहमी टोचतो.

1850 साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी हा डोंगर साहेबलोकांच्या नजरेस आणला. 1907 साली नेरळहून छोटी आगगाडी वर आली. मोटारीला मात्र गावात मज्जाव राहिला, आणि 2003 साली केंद्र सरकारने हा परिसर पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील म्हणून जाहीर केल्यावर त्या मज्जावाला अधिकच बळ मिळाले. दस्तुरी नाक्यावर मोटार सोडायची आणि पुढे पायी किंवा घोड्यावरून जायचे, हा इथला रिवाज. जांभ्या दगडाची तांबडी माती, माथ्यावर जांभूळ-हिरड्याची सावली, आणि वाट संपता संपता दिसणारे तलावाचे पाणी व काठावरचे पिसरनाथाचे देऊळ. इतकी शांत वाट मुंबईच्या इतक्या जवळ दुसरी क्वचितच असेल.

या शांततेचे आपण कौतुक करतो. पण मोटार नाही याचा अर्थ ओझे नाही असा होत नाही. गॅसच्या टाक्या, धान्याची पोती, पाहुण्यांच्या बॅगा आणि खुद्द पाहुणे, हे सारे कोणाच्या तरी पाठीवर, डोक्यावर नाहीतर हातावर वर येत असते. आपली शुद्ध हवा दुसऱ्याच्या दमलेल्या श्वासावर उभी आहे, असे म्हटले तर ते फारसे अतिशयोक्तीचे होणार नाही.

यांतल्या एका ओझ्याचा न्याय झाला आहे. माणसाने माणसाला बसवून हाताने रिक्षा ओढायची ही प्रथा सहा महिन्यांत बंद करावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2025 मध्ये दिला. रिक्षा ओढणाऱ्यांना विजेवर चालणारी रिक्षा मिळावी हाही विचार त्यामागे होता. पोटासाठी पत्करलेल्या कामाला खुषीचे काम म्हणता येत नाही, हे त्या निर्णयाचे मर्म मला वाटते. पण मग मनात येते, ज्याला ‘नाही’ म्हणण्याचीच सोय नाही, त्या घोड्याचे काय?

यावर काही सज्जन म्हणतात, घोडेही बंद करा. ही दया मला अर्धवट वाटते. रिक्षावाल्याच्या हातातून दांडी सुटली तर त्याला दुसरे काम करता येते, उद्याची आशा धरता येते. घोड्याच्या पाठीवरचे खोगीर निघाले तर त्याची वैरण कोण घालणार? त्याला रान नाही, पेन्शन नाही. ज्याच्या घरी तो बांधलेला आहे त्या कुटुंबाची चूलही त्याच्याच टापांवर पेटते. हजारो वर्षे माणसाने त्याला आपल्यावर अवलंबून राहायला शिकवले. आता एका सकाळी त्याला ‘मुक्त’ म्हणून सोडून देणे म्हणजे जबाबदारी झटकून टाकणेच होय.

मला याचे उत्तर आपल्या खेड्यातल्या एका जुन्या रीतीत सापडते. पोळ्याच्या आदल्या दिवशी शेतकरी बैलाची खांदेमळणी करतो. जोखडाने जो खांदा सोलवटला, त्यालाच हळद आणि लोणी लावून चोळतो. पोळा म्हणजे काही बैलाची मुक्ती नव्हे. परवा तो पुन्हा औताला जायचाच. पण आपण याचे देणे लागतो, आणि नेमके कोणत्या जागी लागतो, हे शेतकऱ्याला ठाऊक असते. पर्यटकाला ते ठाऊक असण्याचे कारण नाही, कारण त्याचे नाते अर्ध्या तासाचे. तो भाडे मोजतो आणि हिशेब मिटला असे समजतो. वस्तुतः भाडे पोहोचते ते घोडेवाल्याला. घोड्याचे ऋण तसेच उरते.

ते फेडायचे कसे? घोड्याच्या स्वतःच्या वजनाच्या सुमारे 20 टक्क्यांहून अधिक भार त्याच्यावर घालू नये, असा जाणकारांचा एक सर्वसाधारण संकेत आहे. 300 किलोचा घोडा असेल, तर खोगिरासकट 60 किलो. आपल्यापैकी किती सुखवस्तू गृहस्थ या हिशेबात बसतील, हे ज्याचे त्याने पाहावे! बसण्यापूर्वी पाठीवर जखम आहे का, नाल सैल झाली आहे का, हे विचारायला पैसे पडत नाहीत. वाटेतली लीद वेळेवर उचलली जावी, असा आग्रहही आपण धरला पाहिजे. कारण हा तलाव नुसता देखावा नाही, गाव त्याचे पाणी पिते. लिदीबद्दल घोड्याला नावे ठेवणारा माणूस बहुधा त्याच्यावर बसूनच तिथवर आलेला असतो.

आणि प्रश्न वाटेचाही आहे. धूळ आणि धूप थांबावी म्हणून मुख्य रस्त्यावर फरसबंदीचे ठोकळे बसवायचे ठरले, तेव्हा घोडेवाल्यांनी हरकत घेतली: यावरून लोखंडी नालेचा पाय घसरतो. न्यायालयाने दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत ठोकळ्यांना मुभा दिली, आतल्या रस्त्यांवर मात्र ते नकोत असे सांगितले. तज्ज्ञांनी या वादात काय ते ठरवावे. मला त्यात एवढेच दिसते की, रस्ता बांधताना कोणाचे पाऊल डोळ्यांसमोर होते, हे रस्ता स्वतःच सांगत असतो. चाकाला गुळगुळीतपणा हवा, टापेला पकड. दोघांचा विचार करून बांधलेली वाट महाग पडेल कदाचित; पण एकाचा विचार टाळून बांधलेल्या वाटेची किंमत कोणाचा तरी मोडलेला पाय भरतो.

तलावाच्या वाटेवर एक मोठा उतार लागतो. तिथे मी लोकांना पाहिले आहे. बहुतेक जण खोगिराला घट्ट धरून बसतात, आणि खालचे जनावर पाय रोवत, मान खाली घालून, एकेक पाऊल टाकत उतरते. एखादाच कोणी आपण होऊन खाली उतरतो आणि घोड्याच्या खांद्याशी चालू लागतो. त्याने दिलेल्या पैशांतले काही कमी होत नाही, आणि तलावही त्याला इतरांपेक्षा उशिरा दिसतो असे नाही. मात्र त्या शंभर पावलांत भाडेकरू मागे पडतो आणि देणेकरी पुढे येतो. सारे ऋण तेवढ्याने फिटते असे मी म्हणणार नाही. पण ज्याला ते आहे हेच कळले नाही, तो कधी फेडायलाही लागणार नाही.