"सगळं चेक केलंय, बाबा"



आजचं वाचन : कठोपनिषद, अध्याय १, वल्ली ३. यमराज नचिकेताला रथाचं रूपक सांगतात तो भाग. शरीर हा रथ, आत्मा रथात बसलेला धनी, बुद्धी सारथी, मन म्हणजे लगाम आणि इंद्रियं म्हणजे घोडे. आपण सगळ्यांनीच हे कधी ना कधी ऐकलेलं असतं. मला मात्र त्यातला लगाम कळला तो मागच्या दिवाळीत, धाराशिवच्या एका गॅरेजमध्ये.

बाबांकडे फियाट पालिओ आहे, १.६ वाली. २००१ मध्ये ही गाडी भारतात आली तेव्हा तिच्या जाहिरातीत सचिन होता. १०० हॉर्सपॉवरची ती छोटी गाडी म्हणजे आमच्या गल्लीतली स्पोर्ट्स कारच! मी नोकरीला पुण्याला गेलो तशी ती अंगणातच जास्त उभी राहायला लागली. दिवाळीत ठरलं, आई-बाबा, बायको, सहा वर्षांची लेक, सगळ्यांनी याच गाडीतून निघायचं. आधी तेरला गोरोबाकाकांचं दर्शन, मग पुढे औंढा नागनाथ.

मी जोमात कामाला लागलो. पॉलिश झालं, नवे स्पीकर बसले, सीट कव्हर आली. बॅटरी बदलली, ऑइल बदललं. गाडी अशी चमकली की लेकीने तिच्यासोबत फोटो काढून घेतले. संध्याकाळी बाबांनी विचारलं, "टायमिंग बेल्ट बघितलास का रे? लई वर्षं झाली त्याला."

मी म्हणालो, "सगळं चेक केलंय, बाबा."

केलं नव्हतं. गाडी चाललीच कुठे फार, मग बेल्ट झिजेल कशाला, एवढाच माझा हिशोब होता.

निघायच्या आदल्या दिवशी ब्रेक ऑइल बदलायला म्हणून मिस्त्रीमामांकडे गेलो. त्यांनी न विचारता इंजिनाच्या बाजूचं कव्हर खोललं आणि बेल्ट अंगठ्याने वाकवून दाखवला. उन्हाळ्यातल्या काळ्या रानासारख्या बारीक भेगा पडल्या होत्या.

"साहेब, गाडी पळली नाही म्हणून पट्टा नवा राहत नसतो. रबर उभ्या उभ्या म्हातारं होतं."

हा बेल्ट क्रँकशाफ्ट आणि कॅमशाफ्ट यांना एका तालात ठेवतो. तो चालत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळून इंजिनच बसू शकतं. आणि त्या वेळी मागच्या सीटवर माझी आई आणि माझी लेक असणार होती.

घरी येऊन बाबांना खरं सांगावं लागलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "गाडीचं सोड. मला खोटं का सांगितलंस?"

उत्तर साधं होतं आणि म्हणूनच तोंडातून निघत नव्हतं. 'नाही बघितलं' म्हणायची लाज वाटली. इंजिनियर पोरगा ना मी!

बेल्ट पुण्याहून यायला तीन दिवस गेले. माझी सुट्टी संपत आली. औंढा राहिलं, तेवढं तेर झालं.

तेरच्या देवळात बसलो असताना ती कथा आठवली. संतमंडळी जमली होती. मुक्ताईने गोरोबाकाकांना त्यांच्या थापटण्याबद्दल विचारलं. काका म्हणाले, याने मडकं पक्कं की कच्चं ते कळतं. मग ही मडकी बघा की, असं म्हटल्यावर काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारून पाहिलं. सगळे शांत राहिले, नामदेवांना मात्र राग आला. काका म्हणाले, हे मडकं कच्चं!

आपण ही कथा ऐकतो आणि नामदेवांवर हसतो. पण पुढचं बघा. दुखावलेले नामदेव विठ्ठलाकडे गेले, आणि तिथून औंढ्याला विसोबा खेचरांकडे, गुरू करायला. ते थापटणं बसलं नसतं तर ती वाटही सापडली नसती. कच्चं म्हणजे वाया गेलेलं नव्हे. कच्च्याला अजून भट्टी मिळायची असते, एवढंच.

मी सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे एक खोड असते. जिथे पास होणार हे माहीत असतं तेवढीच टेस्ट लिहायची आणि सगळं हिरवं दिसलं की खुश व्हायचं. स्वतःच्या मनाचंही मी तेच करत होतो. चतुर्थीचा उपास, एकादशीची पोस्ट, गाडीच्या पॉलिशसारखं सगळं चकचकीत. हरिपाठ मात्र कित्येक महिने उभा होता. मला वाटायचं, नाम कुठे पळून जातंय? मिस्त्रीमामांनी त्याचंही उत्तर देऊन टाकलं होतं.

उपनिषदात मनाला घोडा म्हटलेलं नाही, लगाम म्हटलंय. सारथी कितीही हुशार असला तरी हातातला लगाम सुकलेला असेल तर घोड्यांपर्यंत त्याचं काही पोचत नाही. बुद्धी मला सांगत होती की बेल्ट बघ. जिभेपर्यंत ते पोचलंच नाही, मधे मन तुटलेलं होतं.

म्हणून आजच्यासाठी एवढंच करून बघा. घरातल्या कुणाला तरी आपण 'केलंय' म्हणून सांगितलंय आणि ते केलेलं नाही, असं एक काम आठवा. झोपायच्या आधी त्या माणसाला खरं सांगा. थापटणं बसेल. बसू द्या.

बाबा आता दर रविवारी फोनवर विचारतात, "हरिपाठ झाला का?" परवा मी म्हणालो, "नाही झाला, बाबा."

ते म्हणाले, "बरं. मग आता म्हणू दोघं."

राम कृष्ण हरी.