एकजूट कुणाविरुद्ध?

मार्च 2021 मध्ये अटलांटा परिसरातल्या तीन स्पांवर गोळीबार झाला. आठ जण गेले, त्यांत सहा जणी आशियाई वंशाच्या. मग अमेरिकेतल्या कितीतरी शाळांनी ‘आम्ही तुमच्या पाठीशी आहोत’ अशी निवेदने काढली. आता तो रिवाजच झाला आहे: घटना घडली की पत्रक, मे महिना, म्हणजे आशियाई-अमेरिकन वारसा महिना, आला की सिंहनृत्य. अशी एकजूट दाखवायला शाळेला स्वतःकडे पाहावे लागत नाही, म्हणूनच ती इतकी लोकप्रिय आहे.

मुळात एकजुटीची ही कल्पना एवढी सोवळी नव्हती. 1885 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या टेप या चिनी कुटुंबाने मुलीच्या प्रवेशाचा खटला जिंकला, तर चिनी मुलांसाठी वेगळी शाळाच काढण्यात आली. मिसिसिपीतल्या लम या चिनी कुटुंबाची मागणी तर एवढीच होती, की आमच्या मुलीला काळ्यांच्या शाळेत ढकलू नका. 1927 मध्ये सर्वोच्च न्यायालयात ती मागणीही फेटाळली गेली. ‘आम्ही त्यांच्यातले नाही’ या भूमिकेची ही कमाई. 1968च्या सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजच्या संपात मात्र आशियाई विद्यार्थी काळ्या विद्यार्थ्यांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले. पुढे व्हिन्सेंट चिन या चिनी वंशाच्या तरुणाचा वंशद्वेषातून खून झाला. 1987 मध्ये जर्सी सिटीत टिकलीवरून नाव घेतलेल्या ‘डॉटबस्टर्स’ टोळीने भारतीयांना धमकावले, आणि न्यू जर्सीतल्या मराठी घरांनाही हा प्रश्न परका उरला नाही.

खरे वळण आले फिलाडेल्फियात, आणि नेमके तेच चुकीचे वाचले जाते. 3 डिसेंबर 2009 रोजी साउथ फिलाडेल्फिया हायस्कूलमध्ये दिवसभर, उपाहारगृहात, जिन्यांत आणि शाळा सुटल्यावर रस्त्यावर, आशियाई मुलांना मारहाण झाली. मार खाणारे बहुतेक नुकतेच स्थलांतरित झालेले चिनी आणि व्हिएतनामी, मारणारे बहुतांशी काळे. ‘काळे विरुद्ध आशियाई’ हा मथळा आयताच तयार होता.

मुलांनी तो नाकारला. सुमारे 50 जणांनी आठ दिवस शाळेवर बहिष्कार टाकला, आणि बोट ठेवले ते मोठ्यांवर. आमचे भांडण काळ्या मुलांशी नाही. मारहाण आधीपासून चालू होती, आम्ही सांगत होतो, तुम्ही कानाडोळा केलात, असे त्यांचे म्हणणे. प्रकरण केंद्राच्या न्याय विभागापर्यंत गेले. डिसेंबर 2010 मध्ये तडजोड झाली आणि छळ रोखण्याची लेखी जबाबदारी शिक्षण मंडळाच्या गळ्यात पडली.

काहींना वाटते, मुलांनी औदार्य दाखवले. मला त्यात हिशेबीपणा दिसतो, आणि तोच मोलाचा वाटतो. दहा पोरांना शाळेतून काढले असते तर पुढच्या वर्षी दुसरी दहा उभी राहिली असती; तक्रारवहीच न उघडणारी शाळा तशीच राहिली असती. लम कुटुंबाने शेजाऱ्यापासून अंतर मागितले होते. या मुलांनी व्यवस्थेकडून जाब मागितला. दोन्ही मागण्या अन्यायातूनच आल्या, पण एकजूट म्हणावी अशी दुसरीच.

पत्रक काढणाऱ्या मुख्याध्यापकांना म्हणून एवढेच विचारावे: गेल्या वर्षी किती मुलांनी तक्रार केली, ती कोणत्या भाषेत ऐकून घेतली आणि तिचे पुढे काय झाले? उत्तर नसेल, तर ते पत्रक शाळेने स्वतःच्याच बचावासाठी लिहिलेले आहे.