न पाहता चूक ओळखणे

1994 मध्ये पीटर शोर यांनी दाखवून दिले, की क्वांटम संगणक प्रचंड मोठ्या संख्येचे अवयव झपाट्याने पाडू शकेल. आपले बँकव्यवहार ज्या सांकेतिक कुलपांवर विसंबतात, ती त्यामुळे उघडू शकली असती, पण कागदावरच. क्युबिटची, म्हणजे क्वांटम संगणकातल्या बिटची, अवस्था इतकी नाजूक, की जराशी उष्णता किंवा भटका विद्युतचुंबकीय तरंगही ती बिघडवतो. रॉल्फ लँडॉवर यांच्यासारखे जाणकार तेव्हा उघडपणे साशंक होते, आणि ती शंका रास्त होती. साध्या संगणकात एका बिटच्या तीन प्रती ठेवून बहुमत घेता येते. इथे मात्र अनोळखी क्वांटम अवस्थेची नक्कल करताच येत नाही, हे 1982 मध्येच सिद्ध झाले होते. शिवाय बिघाड शोधायला क्युबिट मोजावा, तर मोजण्यानेच त्यातली माहिती जाते.

यातून वाट काढली तीही शोर यांनीच, 1995 मध्ये. एका क्युबिटची माहिती नऊ क्युबिटांच्या परस्परसंबंधांत पसरवायची. मग कोणालाच ‘तू काय आहेस’ असे विचारायचे नाही. ‘तुम्ही दोघे सारखे की वेगळे’ एवढेच विचारायचे. कुठे बिघडले ते कळते, आत काय होते ते कळत नाही, आणि म्हणूनच ते शाबूत राहते. याहून सुंदर गोष्ट पुढची. क्युबिट किंचितच कलला असेल, तर ही तपासणीच त्याला ‘पुरता चुकला’ किंवा ‘चुकलाच नाही’ यांपैकी एका बाजूला आणून सोडते. अगणित बारीक चुकांचे मोजक्या, दुरुस्त करता येणाऱ्या चुकांत असे रूपांतर होते. या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोठी झेप मला हीच वाटते.

पण तपासणीही चुकणारच. त्यावर काही वर्षांतच अनेक संशोधकांनी स्वतंत्रपणे सिद्ध केले, की प्रत्येक क्रियेतली चूक एका उंबरठ्याखाली असेल, तर हवे तितके लांब गणित निभावता येते. उंबरठ्याच्या वर मात्र क्युबिट वाढवले की घोटाळाच वाढतो. अलेक्सेई किताएव यांच्या कल्पनेतून आलेल्या ‘पृष्ठभाग संकेता’त क्युबिटांची जाळी असते, तपासणी शेजाऱ्यांपुरतीच लागते आणि उंबरठा सुमारे एक टक्क्यावर येतो. प्रयोगशाळांना झेपेल असे उद्दिष्ट तेव्हा मिळाले.

उंबरठ्याच्या सिद्धतेनंतर ते गाठायला दोन तपांहून अधिक काळ गेला. डिसेंबर 2024 मध्ये गूगलने ‘विलो’ या 105 क्युबिटांच्या चिपवरचे निकाल प्रसिद्ध केले. जाळी 3×3 वरून 5×5, मग 7×7 केली, तेव्हा प्रत्येक टप्प्यावर चुकांचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. सर्वांत मोठ्या जाळीत ते तपासणीच्या दर फेरीला सुमारे 0.14 टक्के होते. उपयोगी गणितासाठी ते अजून कितीतरी पटींनी खाली यायला हवे. आयबीएमच्या दुसऱ्या प्रकारच्या संकेतात 288 क्युबिटांत 12 सुरक्षित क्युबिट बसतात, पण त्यासाठी चिपवर दूरदूरच्या जोडण्या लागतात. 2048 बिटांची आरएसए कुलपे तोडायला लागणाऱ्या क्युबिटांचा संशोधक क्रेग गिडनी यांचा अंदाज 2019 मध्ये दोन कोटी होता. 2025 मध्ये तो दहा लाखांच्या आत आला.

आपल्या राष्ट्रीय क्वांटम अभियानाला 2023 मध्ये 6,003 कोटी रुपये मंजूर झाले आणि आठ वर्षांत 50 ते 1,000 क्युबिटांचे संगणक उभारण्याचे लक्ष्य ठरले. क्युबिटांचा आकडा जाहीर होईल तेव्हा वाचकांनी एक प्रश्न जरूर विचारावा: क्युबिट वाढवल्यावर चूक घटली का?