आजचं चिंतन : अस्त्र सोडणं आणि अस्त्र आवरणं



आजचं वाचन महाभारतातलं सौप्तिक पर्व. खरं सांगतो, हे पर्व मी दर वेळी भरभर उरकतो. या वेळी थांबावं लागलं, कारण आदल्या रात्री मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला होता. आकाशातून घेतलेला. राखाडी चित्र, मधोमध फुली, फुलीखाली एक इमारत. मग पांढरा लोळ, आणि इमारत गायब. आवाजसुद्धा नव्हता. खाली टाळ्यांच्या इमोजींची रांग. माझ्या अंगठ्यानंही सवयीनं लाइक देऊन टाकलं. आत कोण होतं, हा प्रश्न पडला तो सकाळी पोथी उघडल्यावर.

कथा आपल्याला ठाऊक आहे. युद्ध जवळजवळ संपलंय, दुर्योधन मांडी मोडून पडलाय. अश्वत्थामा रात्री पांडवांच्या छावणीत शिरतो आणि झोपलेल्यांची कत्तल करतो. द्रौपदीची पाचही मुलं त्यात जातात. त्याच्याकडे कारण नव्हतं असं नाही. त्याच्या वडिलांना, द्रोणाचार्यांना, शस्त्र खाली ठेवल्यावर मारलं होतं. म्हणजे “सुरुवात त्यांनी केली” हे वाक्य तेव्हाही होतंच.

पुढे पांडव त्याला गाठतात, तेव्हा तो गवताची काडी उचलून तिच्यावर ब्रह्मशिर अस्त्र मंत्रतो. उत्तर म्हणून अर्जुनही तेच अस्त्र सोडतो. नारद आणि व्यास मध्ये उभे राहून दोघांनाही सांगतात, आवरा. अर्जुन आवरतो. अश्वत्थाम्याला आवरता येत नाही. सोडायची विद्या होती, मागे घ्यायला लागते ती शुद्धी नव्हती. मग तो ते अस्त्र पांडवांच्या स्त्रियांच्या गर्भांवर वळवतो. जे अजून जन्मलेलंही नाही, त्याच्यावर!

आता ही गोष्ट फक्त पुराणातली आहे का ते बघू.

१९४० च्या सप्टेंबरपासून जर्मन विमानांनी लंडनवर आणि ब्रिटनच्या इतर शहरांवर बॉम्ब टाकले. आठ महिन्यांत ४०,००० हून जास्त नागरिक गेले. ब्रिटननं उत्तर द्यायचं ठरवलं. आधी नेम होता कारखान्यांवर, रेल्वेवर. पण १९४१ मध्ये सरकारनं विमानांतून काढलेले फोटो तपासून घेतले, तेव्हा कळलं की लक्ष्यावर बॉम्ब टाकल्याचं सांगणाऱ्या विमानांपैकी जेमतेम एक तृतीयांश विमानं लक्ष्याच्या पाच मैलांच्या आत पोचत होती. मग फेब्रुवारी १९४२ मध्ये नवा आदेश निघाला : आता मुख्य लक्ष्य शत्रूच्या नागरिकांचं, विशेषतः कामगारांचं, मनोधैर्य. नेम लागत नव्हता, म्हणून लक्ष्यच मोठं करून टाकलं. कारखाना चुकतो, शहर चुकत नाही.

जुलै १९४३. हॅम्बुर्ग. उन्हाळ्याची कोरडी रात्र. सातशेहून जास्त विमानांनी टाकलेल्या बॉम्बच्या आगी एकमेकींत मिसळल्या आणि आगीचं वादळ उठलं. तळघरांत लपलेली माणसं तिथेच गुदमरली. त्या आठवड्यातल्या हल्ल्यांत ३०,००० हून जास्त लोक मेले.

याचा उपयोग झाला का? प्रामाणिकपणे सांगायचं तर थोडा झाला. शहरं वाचवायला जर्मनीला हजारो तोफा आणि लढाऊ विमानं आघाडीवरून घरी अडकवून ठेवावी लागली. १९४४ मध्ये तेलाच्या कारखान्यांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा तर जर्मन सैन्याची विमानं आणि रणगाडे इंधनावाचून अडू लागले. पण लोकांचं मनोधैर्य मोडून युद्ध संपेल हा जो हिशेब होता, तो चुकला. लंडन मोडलं नव्हतं, हॅम्बुर्गही मोडलं नाही. जर्मनीचं शस्त्र-उत्पादन तर १९४४ च्या मध्यापर्यंत वाढतच होतं. आणि ते बॉम्ब टाकणारी पोरं? विशी-बाविशीची. ब्रिटनच्या बॉम्बर कमांडचे ५५,००० हून जास्त जण परत आलेच नाहीत. त्यांच्या धैर्याबद्दल शंका नाही. प्रश्न आहे तो आदेशाबद्दल.

हा प्रश्न भर युद्धात एकानं विचारला. चिचेस्टरचे बिशप जॉर्ज बेल. हिटलरचे कट्टर विरोधक, जर्मनीतून पळून आलेल्यांना आधार देणारे. ९ फेब्रुवारी १९४४ ला हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये ते उभे राहिले आणि त्यांनी सरकारला विचारलं : शहराच्या एका भागात कारखाने आहेत म्हणून अख्खं शहर जाळणं न्यायाचं कसं? स्वतःच्याच देशात ते अप्रिय झाले. नारद-व्यास दोन अस्त्रांच्या मध्ये उभे राहिले, तसे ते मला वाटतात.

तुम्ही म्हणाल, पण श्रीकृष्णानंच तर “लढ” म्हणून सांगितलं ना? हो. पण समोर शस्त्र घेतलेले योद्धे होते. आणि त्याच अर्जुनाजवळ शंकरानं दिलेलं पाशुपतास्त्र होतं. उद्योगपर्वात तो सांगतो की सामान्य माणसांना दिव्य अस्त्रांनी मारणं योग्य नाही, आपण सरळ लढून जिंकू. कुरुक्षेत्र एका दिवसात संपवता आलं असतं. अठरा दिवस लागू दिले. अर्जुनाचा मोठेपणा मला त्या न सोडलेल्या अस्त्रात दिसतो.

आपल्या हातात विमान नाही, पण अंगठा आहे. भागवतात द्रौपदीसमोर अश्वत्थाम्याला बांधून आणतात, तेव्हा पोटची पाच मुलं गमावलेली ती बाई म्हणते, सोडा याला, माझ्यासारखी याच्या आईवर रडायची वेळ नको. स्वतःच्या दुःखातून तिला शत्रूची आई दिसली. मला मात्र त्या इमारतीत कोणाची आई आहे का, हेही पाहावंसं वाटलं नाही.

आजची साधना : असा एखादा व्हिडिओ समोर आला, तर लाइक किंवा फॉरवर्ड करण्याआधी एक पूर्ण श्वास थांबा. आपला देश, आपले सैनिक यांच्यासाठी प्रार्थना जरूर करा. मग त्याच श्वासात फुलीखालच्या माणसांसाठीही एकदा नाम घ्या. मी काल दिलेलं लाइक आज सकाळी काढून टाकलं. छोटीशी गोष्ट आहे, पण आवरायची सवय कुठून तरी सुरू करायलाच हवी.

उत्तरेच्या गर्भातल्या बाळाला ज्यानं राखलं, तो सगळ्याच लेकरांना राखो.

राम कृष्ण हरी.